आधी ओळख, मग दया

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. चिंचवडच्या आमच्या सोसायटीच्या आवारात जास्वंदीच्या झुडपाखाली माझ्या सात वर्षांच्या नातीला एक पिल्लू सापडले. अंगावर पिसे आलेली, शेपूट मात्र आखूड, आणि उडता म्हणून येत नव्हते. तिने ते ओंजळीत घेऊन घरी आणले. बुटाच्या रिकाम्या खोक्यात कापूस अंथरला, ड्रॉपरने दूध पाजले, भिजवलेला पाव भरवला. रात्री खोक्याजवळ बसून तिने नवकार म्हटला. दिवसभर खिडकीबाहेरच्या फांदीवर दोन बुलबुल कर्कश ओरडत होते, पण घरातल्या कोणाचेच तिकडे लक्ष गेले नाही. सकाळी पाहिले, तर पिल्लू निपचित पडलेले होते.

तिने मला एकच प्रश्न विचारला, "दादी, आपण तर दया केली होती ना?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे एका जाणकार पक्षिमित्राशी बोलणे झाले, तेव्हा उलगडा झाला. बुलबुलाचे पिल्लू नीट उडता येण्याआधीच, जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आत, घरटे सोडते. पुढचे काही दिवस ते झुडपात किंवा जमिनीवर असते आणि आईबाप त्याला तिथेच येऊन भरवतात. आमचे पिल्लू अनाथ नव्हतेच. फांदीवर ओरडणारे ते दोघे त्याचे जन्मदाते होते. पक्ष्यांना दूध पचत नाही, हेही आम्हांला ठाऊक नव्हते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूतही खरी नाही. उचलल्यावर अर्ध्या तासाने जरी त्याला झुडपात परत ठेवले असते, तरी ते कदाचित वाचले असते.

आपल्या दशवैकालिक सूत्रात ज्ञान आधी आणि दया नंतर असा क्रम सांगितला आहे. व्याख्यानात हे वचन मी अनेकदा ऐकले होते, पण त्याचा अर्थ त्या बुटाच्या खोक्याशेजारी कळला. ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्यावर दया करायला गेलो तर दयेच्या हातूनही हिंसा घडू शकते. जीवदयेचे संस्कार आपण मुलांना बोलू लागण्यापूर्वीपासून देतो. मुंगीवर पाय पडू नये, पाणी गाळून घ्यावे, रात्री जेवू नये, हे त्यांना शिकवावे लागत नाही, ते घरातूनच येते. मात्र आपल्या गॅलरीत रोज येणाऱ्या पाच पक्ष्यांची नावे विचारली, तर मुले थांबतात, आणि खरे सांगायचे तर आपणही थांबतो. पक्षी हे तिर्यंच पंचेंद्रिय, त्यांतले खेचर, हे पाठशाळेत पाठ असते. तो खेचर प्रत्यक्ष समोर येऊन बसला की तो कोण, हे सांगता येत नाही.

म्हणून त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतील चार ते नऊ वर्षांची सात मुले गोळा करून आम्ही दर रविवारी एक तास पक्ष्यांसाठी ठेवला. वर्षभरात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवते.

कारखान्यांच्या गावातले पक्षी

पहिली शंका घरातूनच आली. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात पत्र्याच्या शेड, ट्रेलरच्या रांगा आणि उंच इमारती. इथे पक्षी कुठले? पण पक्ष्यांना औद्योगिक वसाहतीचे वावडे नाही. त्यांना झाड, पाणी आणि थोडी निवांत जागा लागते. टेल्कोचा कारखाना उभारताना सुमंत मूळगावकरांनी उजाड माळावर मोठ्या प्रमाणात झाडे लावली आणि तळे करवून घेतले. त्या तळ्यावर पक्षी आपण होऊन आले. उद्योग आणि जीवसृष्टी एका कुंपणात नांदू शकतात, याचे हे उदाहरण आपल्याच शहरातले आहे आणि व्यापारी-उद्योजक कुटुंबांनी ते मुलांना जरूर सांगावे.

आम्ही आधी घराबाहेर पडलोच नाही. गॅलरीतून पाहिले. पहिल्या दोन रविवारी मुलांना कावळा, पारवा, चिमणी एवढीच नावे येत होती. महिन्याभरात यादी वाढली. शेपटीखाली लाल ठिपका असलेला बुलबुल, पिवळ्या चोचीची साळुंकी, काळा-पांढरा दयाळ, जास्वंदीच्या फुलाशी लोंबकळणारा शिंजीर, तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा दुपारभर आवाज करणारा तांबट, आणि विजेच्या तारेवरून झेप घेऊन पुन्हा तिथेच येऊन बसणारा वेडा राघू. मग निगडीची दुर्गा टेकडी झाली. चिंचवडला मोरया गोसावी मंदिराजवळ पवनेच्या काठावर खंड्या आणि ढोकरी दिसली. चाकणकडे जाताना पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली सुगरणीची घरटी दिसली. नाव जरी स्त्रीचे असले, तरी घरटे विणतो तो नर, आणि मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तरच राहते, हे ऐकून मुले खूप हसली. दुकानात साडी पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची आठवण मोठ्यांनाही झाली असावी.

पक्ष्यांचा रोजमेळ

आपल्या घरांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती म्हणजे नोंद. दिवसाची जमा-खर्चाची नोंद झाल्याशिवाय दुकान वाढवायचे नाही. तीच सवय मुलांच्या कामी आली. दुकानातल्यासारखी लाल कापडी पुठ्ठ्याची एकेक वही प्रत्येकाला दिली आणि तिला नाव दिले 'पक्ष्यांचा रोजमेळ'. पाच रकाने आखले: तारीख, वेळ, पक्षी, किती, काय करत होता. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढायचे. लिहिता न येणाऱ्या चार वर्षांच्या मुलाने नुसते रंगाचे ठिपके द्यायचे. अंदाजाने काही लिहायचे नाही, कारण खोटी नोंद म्हणजे असत्य, आणि आपल्या पाच व्रतांत सत्यही आहे.

महिनाअखेरीला ताळेबंद. कोणता पक्षी सर्वांत जास्त वेळा आला, कोणता एकदाच, कोणता सकाळीच येतो? या छोट्या हिशेबातून मुले मोजणी, तुलना आणि ऋतूंचे भान शिकली. पावसाळा सरत आला तसा शेपूट वरखाली हलवणारा धोबी पहिल्यांदा गच्चीवर दिसला. तो उत्तरेकडून हिवाळ्यापुरता येणारा पाहुणा आहे, हे कळल्यावर मुलांनी त्याच्या नावापुढे 'बाहेरगावची पार्टी' असे लिहिले.

घराजवळचे पक्षी मोजण्याचे असेच काम जगभर चालते. 1998 मध्ये अमेरिकेत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' हा उपक्रम सुरू झाला. फेब्रुवारीतल्या चार दिवसांत कोणीही आपल्या अंगणात किमान 15 मिनिटे पक्षी मोजून नोंद करू शकतो. 2013 पासून भारतातही ही गणना होते. सामान्य पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या अशा लक्षावधी नोंदींतूनच 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल तयार होतो. 2023 च्या अहवालात 942 जातींचा विचार झाला आणि त्यांपैकी 178 जातींच्या रक्षणाला अग्रक्रम द्यावा, असे सांगितले गेले. पंधरा मिनिटे म्हणजे एका सामायिकाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळ. तेवढे स्थिर बसणे आपल्या मुलांना जड जाऊ नये.

हात जे शिकतात

लहान मुलाला वर्णन सांगून पक्षी लक्षात राहत नाही. तो हातातून गेला पाहिजे. त्यासाठी बाजारातून काही आणावे लागले नाही. माझ्या मुलाच्या खोक्यांच्या धंद्यातला उरलेला पन्हाळीचा पुठ्ठा, जुन्या लग्नपत्रिका, कापडाच्या नमुन्यांचे तुकडे आणि सुतळी एवढ्यावर वर्ष निघाले.

एक पथ्य मात्र पाळले. सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो, म्हणून चिकटवायला कणकेची खळ. काही ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात आणि मुंगसाच्या केसांच्या ब्रशांचा तर व्यापारच कायद्याने बंद आहे, म्हणून नायलॉनचे ब्रश. खरी पिसे कुठेच वापरायची नाहीत. पक्ष्यावर प्रेम शिकवताना साहित्यात हिंसा दडलेली नसावी, हे मुलांनाच फार पटले आणि ब्रश विकत घेताना ती आता दुकानदाराला उलट प्रश्न विचारतात.

सर्वांत रंगला तो चोचींचा खेळ. स्वयंपाकघरातून चिमटा, गाळणी, अडकित्ता आणि सरबताची नळी आणली. ताटांत शेंगदाणे, पाण्यावर तरंगणारी तुळशीची पाने आणि उंच पेल्यात सरबत ठेवले. कोणत्या हत्याराने काय उचलता येते ते पाहायचे. टणक दाणा फोडणारा अडकित्ता म्हणजे पोपट, पाणी गाळून अन्न घेणारी गाळणी म्हणजे बदक, नळी म्हणजे शिंजीर, लांब चिमटा म्हणजे बगळा. चोच पाहून पक्ष्याचे अन्न ओळखता येते, हा धडा पाच वर्षांच्या मुलालाही कायमचा समजला.

शिंपी हा चिमुकला हिरवट पक्षी पानाच्या कडांना चोचीने भोके पाडून त्यांतून कापूस किंवा कोळ्याचे धागे ओवतो आणि पानाची पिशवी शिवतो. मुलांनी जाड कागदाची दोन पाने बोथट सुईने शिवली. अर्धा तास लागला, तेव्हा एकजण म्हणाला, "आणि त्याला तर हातच नाहीत!" मग प्रत्येकाने सुतळी आणि काड्या घेऊन, बोटे न लावता केवळ चिमट्याने घरटे करायचा प्रयत्न केला. एकाचेही टिकले नाही. घरटे मोडू नये, हे त्यानंतर कोणालाही सांगावे लागले नाही.

पुढे चिमणीसाठी लाकडी फळ्यांची पेटी केली. दाराचे भोक सव्वा इंचाचे, म्हणजे मोठे पक्षी आत शिरत नाहीत. पुढे बसायला काडी ठेवायची नाही, कारण तिचा उपयोग कावळ्यालाच होतो. पेटी दुपारचे ऊन लागणार नाही अशा जागी, आठ-दहा फुटांवर. तीन महिने तिच्यात कोणी आले नाही. थांबणे हाही या शिक्षणाचा भाग असतो.

पुस्तकांच्या सोबतीने

मराठी मुलाची पक्ष्यांशी पहिली ओळख गोष्टीतच होते. कावळ्याचे शेणाचे घर आणि चिमणीचे मेणाचे, ही गोष्ट किती जुनी असावी? तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या तोंडी ती येते, आणि तिथे कावळ्याच्या जोडीला साळै आहे. गोष्ट सांगून झाली की मुलांना विचारावे, चिमणी खरोखर घर कशाचे करते? मग गोष्टीतून खिडकीकडे वाट फुटते.

थोड्या मोठ्या मुलांना सलीम अलींचे बालपण सांगावे. 1908 च्या सुमारास मुंबईत एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड या सचिवांकडे गेला. त्यांनी त्याला न रागावता पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. त्या एका कुतूहलातून 1941 चे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' लिहिणारे थोर पक्षिशास्त्रज्ञ घडले. आपल्या घरात बंदुकीचा उल्लेखही नको वाटतो, तरी ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. मारणारा हात 'हा कोण?' असे विचारू लागला आणि तिथून त्याचे आयुष्य पालटले. माझ्या नातीला या गोष्टीने धीर दिला.

मराठीत मारुती चितमपल्लींचे ऋण मोठे आहे. सोलापूरला जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने रानात आयुष्य काढले, 'पक्षी जाय दिगंतरा'सारखी पुस्तके लिहिली आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. 5 नोव्हेंबर हा त्यांचा आणि 12 नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. या दोन तारखांमधला आठवडा 2020 पासून महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले. त्यांची पुस्तके लहान मुलांना जड जातील, ती आईवडिलांनी वाचून सांगावीत. किरण पुरंदरे यांचे 'पक्षी आपले सख्खे शेजारी' नावापासूनच मुलांना जवळचे वाटते. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याची मोठी परंपरा पुण्यात निर्माण केली, त्यांची पुस्तके मराठीतही विनामूल्य मिळतात. 'अर्ली बर्ड' या उपक्रमाची चित्रमय साधनेही मराठीत आहेत.

आणि एक पुस्तक आपल्या मंदिरातच उघडे आहे. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ यांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच, तर दिगंबर परंपरेत चकवा. चौदावे अनंतनाथ यांचे श्वेतांबर परंपरेतले लांछन श्येन, म्हणजे बाज. चकवा किंवा चक्रवाक हे नारिंगी-तपकिरी रंगाचे बदक हिवाळ्यात हिमालयापलीकडून येऊन भिगवणजवळ उजनीच्या पाणपसाऱ्यावर उतरते. आपल्या पवना-इंद्रायणीचे पाणी शेवटी भीमेतून तिथेच पोचते. प्रतिमेखालचे चिन्ह आणि पाण्यावरचा जिवंत पक्षी एकाच हिवाळ्यात दाखवता आला, तर त्याहून चांगली पाठशाळा कोणती?

दाणा, पाणी आणि पारवे

ओळख वाढली की आपल्या जुन्या पद्धतींकडेही मुले नव्याने पाहू लागतात. नातीनेच विचारले, "आपण गच्चीवर ज्वारी टाकतो, तर फक्त पारवेच का येतात?" 2025 च्या पावसाळ्यात मुंबईतील कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, तो वाचकांना आठवत असेल. भावना दोन्हीकडच्या होत्या, पण काही गोष्टी भावनेपलीकडच्या आहेत. पारव्यांची संख्या देशभर वाढते आहे, असे वर उल्लेखिलेला अहवालच सांगतो. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली, तर काही माणसांना फुप्फुसांचा गंभीर ॲलर्जीजन्य आजार होतो. पारवा दोषी नाही. एकाच जागी ढीगभर दाणा टाकून आपणच तिथे गर्दी करतो.

आमच्या घरी आता मूठभर बाजरी आणि राळे, तेही सकाळी, संपेल एवढेच. फरसाण, पाव, खारे पदार्थ बंद. दाण्यापेक्षा पाण्याला महत्त्व. मातीचे पसरट भांडे, दोन इंचांहून खोल नाही, मधे एक दगड, गाळलेले पाणी, आणि रोज धुऊन नवे भरायचे. साचलेल्या पाण्यात जीव उत्पन्न होतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जयणा म्हणजे हेच. उरलेला पैसा तगर, जास्वंद, कढीपत्ता, शेवगा अशा झाडांना लावला. बुलबुल, दयाळ, शिंजीर हे आपल्या दाण्याला येत नाहीत, ते झाडाला येतात.

दोन गोष्टी नम्रपणे सुचवाव्याशा वाटतात. शुभप्रसंगी पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. व्यापारी असल्याने आपल्याला कळते की मागणी तिथे पुरवठा. आपण दहा सोडवले की पारधी पुढच्या खेपेला वीस धरतो, आणि देशी पोपट-मुनिया पकडणे-विकणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. तो पैसा जखमी पक्ष्यांच्या उपचारांना द्यावा. दुसरे, संक्रांतीचा मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली. आपल्यापैकी कोणाच्या दुकानात तो नसावा.

अवघड प्रश्न

मुले अवघड प्रश्न विचारतातच. "चिमणी पिल्लांना अळ्या भरवते. मग तिला पाप लागते का?" दाणे खाणारी चिमणीही पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्या भरवते, हे सत्य लपवू नये. मी त्यांना शांतिनाथ प्रभूंच्या पूर्वभवातील मेघरथ राजाची कथा सांगितली. शरण आलेल्या कबुतराला वाचवताना राजाने बाजालाही शत्रू मानले नाही. त्याची भूक खरी आहे, हे मान्य करून त्याने स्वतःचे मांस तराजूत घातले. दिल्लीत चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचे पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तिथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. मांसाहारी पक्ष्यांना ठेवून घेत नाहीत, पण जखमी घारीवर उपचार करून तिला परत पाठवतात. विवेक आणि करुणा एका छपराखाली कशा नांदतात, हे मुलांना यावरून कळते. पक्ष्याला विचारपूर्वक व्रत घेता येत नाही, आपल्याला येते. म्हणून जबाबदारी आपली.

यंदाच्या उन्हाळ्यात, जवळजवळ त्याच झुडपाखाली, पुन्हा एक पिल्लू दिसले. आखूड शेपूट, फुगलेली पिसे. नात धावत वर आली, पण हात रिकामे होते. तिने वॉचमनकाकांना सांगून मांजर हाकलवली, खेळणाऱ्या मुलांना लांब थांबवले आणि स्वतः वीस पावलांवर पायरीवर बसून राहिली. काही वेळाने फांदीवरून एक बुलबुल उतरला, पिल्लाला भरवून गेला. मग दुसरा आला. संध्याकाळपर्यंत पिल्लू झुडपाच्या मधल्या फांदीपर्यंत चढले होते.

रात्री मी तिचा रोजमेळ उघडून पाहिला. त्या दिवशीची नोंद अशी होती: बुलबुल 3, पैकी 1 लहान. हात लावला नाही.